खालच्या माणसाचा इशारा

माझे वडील आणि माझा मामा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. या सहा वर्षांत रविवार आणि सणासुदीच्या सुट्ट्या सोडल्या, तर ते रोज आठ तास एकमेकांकडे बघत काम करत होते, आणि एकाने हात हलवल्याशिवाय दुसरा काही करत नव्हता.

दोघे नवी मुंबईत, पावण्यातल्या एका लोखंडाच्या यार्डात नोकरीला होते. पत्र्याच्या मोठमोठ्या गुंडाळ्या तिथे ट्रेलरवरून उतरत, कापल्या जात आणि पुन्हा ट्रकवर चढत. त्यांना कॉइल म्हणतात. एक कॉइल दहा-बारा टनांची. ती उचलणारी क्रेन शेडच्या छपराखाली दोन रुळांवरून पुढे-मागे जायची, आणि तिच्या पोटाखाली टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये मामा बसायचा. वडील खाली जमिनीवर उभे असत, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातांत लाल मोजे. मोजे लाल असतात ते वरून दिसावेत म्हणून. कागदोपत्री वडिलांचा हुद्दा सिग्नलमन होता. यार्डात त्यांना ‘खालचा माणूस’ म्हणत आणि मामाला ‘वरचा’.

वरच्या माणसाला हुकाला टांगलेल्या मालाचं, म्हणजे लोडचं, काय चाललंय ते नीट दिसत नाही. पत्रा कापायच्या मशीनमुळे ऐकू तर काहीच येत नाही. त्यामुळे सगळा कारभार हातांवर चालतो. तर्जनी वर करून छोटं वर्तुळ काढलं की हुक वर. तर्जनी खाली करून तेच केलं की हुक खाली. एक हात इशारा करतोय आणि दुसरा त्याच्यावर छपरासारखा स्थिर धरलाय, तर तेच काम पण हळू. हात लांब करून, तळवा जमिनीकडे ठेवून, ओट्यावरचं पीठ पुसावं तसा आडवा फिरवला की थांब.

या कामाचा एक नियम आहे आणि पुढचं सगळं त्या नियमावर घडलं, म्हणून तो आधी सांगतो. वर, खाली, पुढे, मागे हे इशारे फक्त आपल्या खालच्या माणसाचे मानायचे. मालक आला आणि त्याने ‘वर घे’ म्हणून हात हलवला, तरी क्रेन हलवायची नाही. पण ‘थांब’ कोणीही दाखवावं. चहावाल्याने दाखवलं, वॉचमनने दाखवलं, रस्त्यावरून जाणाऱ्याने दाखवलं, तरी क्रेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. आणि एकदा थांबली की पुन्हा सुरू करायचा इशारा परत त्या एकाच माणसाचा.

वडिलांनी हा नियम आणि हे हात घरी आणले. आमचं घर यार्डापासून चालत वीस मिनिटांवर, गावठाणात. खाडीकडची शेती कारखान्यांना गेली तेव्हा आजोबांना पैसे मिळाले आणि पुढे वडिलांना नोकरी. पंखा कमी करायचा असेल तर वडील तर्जनी खाली करून फिरवत. आई भात वाढताना ते ताटावर आडवा हात फिरवत आणि भाताचा डाव हवेतच थांबे. माझी बहीण अंगणात स्कूटी मागे घ्यायची तेव्हा ते पायरीवर उभे राहून दोन्ही हातांनी तिला असे इशारे देत, की जणू तिच्या डिकीत बारा टन माल आहे. आम्हा दोघा भावंडांना हे सगळे इशारे पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते.

भांडणही इशाऱ्यावरूनच झालं.

एके दिवशी सकाळी मामा एक कॉइल गेटजवळच्या लाकडी घोड्यावर, म्हणजे कॉइल टेकवायच्या चौकटीवर, ठेवत होता. ती घोड्यावर न टेकता हातभर पलीकडे टेकली. तिथे सुपरवायझरची स्कूटर उभी होती. स्कूटर पाच दिवसांची होती. सीटचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं आणि हँडलला शोरूमचा हार तसाच होता. रंग पोपटी. असा रंग पावण्यात तोवर कोणी पाहिला नव्हता, असं सगळे सांगतात. कॉइल उचलल्यावर स्कूटरची जाडी वीतभर उरली होती. कोणाला काही लागलं नाही. सुपरवायझर कॅन्टीनमध्ये होता. मुळात पिवळ्या पट्ट्याच्या आत गाडी लावायला बंदी होती आणि ती पाटी त्यानेच लावली होती, पण हा मुद्दा चौकशीत आला नाही.

चौकशी पंधरा मिनिटांत आटोपली. मॅनेजरकडे एक छापील कागद होता. त्यात प्रश्न होता, ‘थांबण्याचा इशारा दिला का?’ आणि पुढे दोन चौकटी होत्या, हो आणि नाही.

“दाखवलं होतं,” वडील म्हणाले.

“दाखवलं,” मामा म्हणाला, “पन उशिरा दाखवलं.”

कागदावर उशिराची चौकट नव्हती. मॅनेजरने ‘हो’वर खूण केली. इशारा दिला होता आणि क्रेन थांबली नव्हती, म्हणजे दोष क्रेनवाल्याचा. मामाला मेमो मिळाला आणि त्याची प्रत महिनाभर नोटीस बोर्डावर होती. खालच्या माणसाची सही त्या कागदावर होती. वडिलांनी ‘उशिरा’बद्दल हो किंवा नाही, काहीच म्हटलं नव्हतं. मॅनेजरने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी दोघे एका मोटरसायकलवरून आले होते. संध्याकाळी मामा चालत गेला.

मॅनेजरने जोडी बदलायची तयारी दाखवली होती. दोघांनी नकार दिला. मामा म्हणाला, “त्याचा हात साफ हाय. दुसऱ्याचा हात मना नको.” वडील म्हणाले, “वर दुसरा कोन बसला तर मी त्याच्या लोडखाली उभा रानार नाय.” हे दोन्ही जबाब मॅनेजरने वेगवेगळ्या वेळी घेतले. दोघांना एकमेकांचं म्हणणं कळलं होतं की नाही, ते मला माहीत नाही.

पूर्वी दोघे एका डब्यात जेवत. आता मामा जेवायला खाली उतरेना. तो केबिनमधून दोर सोडायचा आणि डबा वर ओढून घ्यायचा. पण यार्डात दोराला काहीही बांधायचं काम खालच्या माणसाचं. त्यामुळे रोज एक वाजता वडील मामाचा डबा दोराला बांधत, गाठ दोनदा ओढून बघत आणि तर्जनी वर करून वर्तुळ काढत. डबा वर जाई. मग ते आपला डबा घेऊन मशीनच्या पलीकडे जात. यार्डातली जुनी माणसं सांगतात की त्या सहा वर्षांत पत्र्याला साधा ओरखडासुद्धा आला नाही.

आईचे मात्र हाल होत. भाऊबिजेला ती एकटीच रिक्षाने माहेरी जायची. गणपतीत मामी यायची, मामा यायचा नाही. निरोप आईमार्फत जायचे आणि तेही निरोप नसल्यासारखे. “त्याला सांग, सोमवारी ट्रेलर सातला येनार हाय,” असं वडील म्हणायचे. आई म्हणायची, “तुमीच दाखवा ना हातानं.” वडील म्हणायचे, “सोमवारचा इशारा नसतो.”

मग बहिणीचं लग्न ठरलं.

ती खारघरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. मुलगा महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, घर साताऱ्याकडचं, राहायला खारघरला. माणसं चांगली आणि बोलकी. साखरपुड्याला मुलाच्या आईने चारदा विचारलं, “मामा कुठायत? मामांची ओळख नाही झाली.”

“ड्यूटी आहे,” मी सांगितलं.

“रविवारी?”

“क्रेनला रविवार नसतो.”

क्रेनला रविवार असतो. मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या नवी मुंबईच्या पानावर काम करत होतो आणि छापून येणारी माहिती तपासण्याचा पगार घेत होतो. हे वाक्य मी न तपासता दिलं.

आईला एकच गोष्ट हवी होती. नवरी मुलीला मांडवात मामा आणतो. तिला स्वतःला तिच्या मामाने आणलं होतं आणि पाठीमागे उभा राहून तिचा खांदा धरला होता, ही गोष्ट तिने आम्हाला लहानपणापासून शंभरदा सांगितलेली. तिच्या मुलीला तिचा भाऊ आणणार नसेल, तर त्या लग्नात तिला मिरवायचं नव्हतं. तसं ती बोलून दाखवत होती. हॉल बघायला गेलो तेव्हा स्टेज, जेवणाची जागा, पार्किंग काही न बघता तिने दारापासून स्टेजपर्यंतची वाट तेवढी चालून पाहिली.

“मामा नसला तर मी एकटी चालत येईन,” बहीण म्हणाली. “रस्ता सरळच आहे.”

“गप,” आई म्हणाली.

पत्रिका छापून आल्यावर आई पहिली पत्रिका आणि अक्षता घेऊन भावाकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते मी तिच्याकडून ऐकलं. नंतर मामीने त्याला दुजोरा दिला.

मामाने पत्रिका देवापुढे ठेवली, बहिणीला नमस्कार केला, आणि म्हणाला, “ताय, मी ‘नाय’ बोललो काय कवा? पन मना खालून इशारा आला पायजे.”

“अरे, मी सख्खी बहीन आलीय ना घरी तुझ्या!”

“तू ये, पोरीला धाड, वाजंत्री धाड. क्रेनवर बसलेला मानूस कोनाच्या बी हातावर लोड हालवत नाय.”

“माझी पोरगी लोड हाय?”

“पन्नास किलोची हाय. लोडच झाला.”

मामीने आकडा पंचावन्न सांगितला. बहिणीने दोन्ही आकडे अमान्य केले.

आईने घरी येऊन हे वडिलांना सांगितलं. वडील टीव्ही बघत होते. ते म्हणाले, “रोज आठ तास त्याच्याशीच बोलतो मी. घरात तुझ्याशी पन येवढा बोलत नाय.”

“ते मना ठाव हाय,” आई म्हणाली.

“मग आनि काय सांगायचं त्याला?”

आईने हात लांब केला, तळवा खाली केला आणि आडवा फिरवला.

वडील बोलायचे थांबले. मला वाटलं, रागाने थांबले. तसं नव्हतं. तीस वर्षांची सवय होती. समोरच्याने ‘थांब’ दाखवलं की त्यांच्या अंगातलं सगळंच थांबायचं. हे आईच्या त्याच क्षणी लक्षात आलं असणार, कारण पुढचे तीन दिवस तिने दुसरा काही उपाय केला नाही.

बुधवारी रात्रीचं जेवण चालू असताना वडील म्हणाले, “आज कालवनात मीठ—” आईने थांब दाखवलं. घास हातात, हात ताट आणि तोंड यांच्या मधोमध. गुरुवारी संध्याकाळी ते चप्पल घालून देवळाच्या कट्ट्यावर निघाले. आई दारात होती. थांब. ते परत आले आणि चप्पल घालूनच खुर्चीवर बसले. शुक्रवारी ते मला म्हणाले, “तुझ्या आयला सांग, ह्ये—” स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि आडवा फिरला.

“आई, अगं, किती वेळ?” मी म्हटलं.

“मी थांब दाखवलाय. चालू करायचा इशारा माझा नाय,” आई म्हणाली. “तो ज्याचा हाय त्यानं दाखवावा. मंग चालू होईल समदं.”

बहीण हसत सुटली. वडील खुर्चीत बसून होते. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि त्या हातांकडे बघत होते.

शनिवारी मी आणि बहीण यार्डात पत्रिका वाटायला गेलो. कामावरच्या सगळ्यांना पत्रिका आणि लाडू द्यायची तिथे पद्धत आहे. एक वाजायला आला होता. पत्रा कापायचं मशीन नुकतंच बंद झालं होतं आणि माणसं हात धुऊन डबे काढत होती. आम्ही वजनकाट्याजवळ पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे होतो.

शेवटची कॉइल घोड्यावर बसली. वडिलांनी साखळ्या सोडवल्या आणि हुक मोकळा करून वर पाठवला. त्यानंतर रोजच्याप्रमाणे डबा बांधायला न जाता ते शेडच्या मधोमध आले. हुकाला लोड असता तर त्यांनी कामाबाहेरचा एकही इशारा केला नसता, म्हणून ते तेवढं थांबले असावेत.

त्यांनी एक हात वर केला. याचा अर्थ, माझ्याकडे बघ. केबिनच्या काचेत मामाचं डोकं वळलं.

वडिलांनी गेटजवळच्या त्या जागेकडे बोट केलं, जिथे सहा वर्षांपूर्वी स्कूटर होती. मग हात लांब करून आडवा फिरवला. थांब. मग डाव्या मनगटावर, जिथे घड्याळ असतं तिथे, उजव्या हाताचं बोट दोनदा आपटलं. आणि तो लाल मोजा स्वतःच्या छातीवर ठेवला.

यातला थांब तेवढा इशाऱ्यांच्या छापील तक्त्यावरचा होता. बाकीचे इशारे त्यांनी तिथल्या तिथे तयार केले होते, तरी कोणाला शंका आली नाही. वजनकाट्यावरचा माणूस डब्याचं झाकण हातात धरून उभा राहिला होता.

वर काहीच हललं नाही. मग क्रेनची घंटा वाजली. दोनदा.

“म्हणजे काय?” बहिणीने विचारलं.

वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, “इशारा साफ नाय. परत दाखव.”

वडील पाच-सहा सेकंद तसेच उभे होते. आता यार्डातली सगळी माणसं बघत होती. कॅन्टीनच्या दारात मॅनेजर येऊन उभा राहिला होता. मामाचा मेमोसुद्धा असाच सगळ्यांनी वाचला होता, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मला फक्त वडिलांचे कान लाल झालेले दिसले. त्यांनी हेल्मेट सरळ केलं आणि सगळं पुन्हा केलं. जागा. थांब. मनगट. छाती. या खेपेला प्रत्येक इशारा पूर्ण करून, दोन इशाऱ्यांत अंतर ठेवून, नवीन माणसाला शिकवावं तसा.

मग त्यांनी आमच्याकडे वळून बहिणीकडे बोट केलं. दोन्ही तर्जन्या कपाळाच्या मधोमध ठेवून कानांपर्यंत ओढल्या आणि खाली सोडल्या. मुंडावळ्या. शेवटी उजवा हात पुढे करून तळवा स्वतःकडे वळवला आणि बोटं हलवली. हा तक्त्यावरचा होता. लोड इकडे आण.

क्रेनचा हुक हातभर खाली आला, पुन्हा वर गेला. मग परत एकदा खाली, परत वर. हुकाने मान हलवायची पद्धत यार्डात नव्हती. पण वजनकाट्यावरचा माणूस डब्याचं झाकण मांडीवर वाजवायला लागला आणि बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या.

मामा खाली उतरला नाही. दोर आला. वडिलांनी डबा बांधला, गाठ दोनदा ओढली. बहिणीने खोक्यातला एक लाडू कागदात गुंडाळून वडिलांकडे दिला आणि तो डब्याच्या कडीत अडकून वर गेला.

त्या दिवशी घरी मीच आईला सगळं सांगितलं. मामाने दोनदा घंटा वाजवल्याचं तिने मला तीनदा सांगायला लावलं. मग ती बाहेर गेली आणि वडिलांच्या पुढ्यात चहा ठेवून म्हणाली, “कालवनात मीठ कमी होतं काय तवा?”

“जास्त होतं,” वडील म्हणाले.

लग्न खारघरच्या हॉलमध्ये, मुहूर्त दुपारचा. मामा सकाळीच आला, पांढरा सदरा, डोक्यावर फेटा. वडील दारातच होते. दोघांनी एकमेकांना हात जोडले. बोलले नाहीत. आईला तेवढंही पुरलं असतं, असं तिने नंतर सांगितलं. मला ते खरं वाटत नाही.

मुलाकडच्यांनी इव्हेंटवाला आणला होता. त्याने नवरीच्या प्रवेशाची आखणी केली होती. नात्यातले चार भाऊ चार काठ्यांवर फुलांची जाळी धरणार, जाळीखाली नवरी आणि मामा, दोन्ही बाजूंनी धूर, आणि गाणं. दारापासून स्टेजपर्यंतच्या गालिच्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर पितळी समया ठेवल्या होत्या आणि त्या पेटवलेल्या होत्या. गाणं इतकं मोठं होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वडिलांसाठी आणि मामासाठी ही नेहमीची परिस्थिती होती.

वडील स्टेजवर भटजींच्या बाजूला उभे होते. दार उघडलं आणि धुरातून जाळी बाहेर आली. खाली बहीण, आणि तिचा दंड धरून मामा. मामाने पहिलं पाऊल टाकलं नाही. तो सबंध हॉलच्या पलीकडे स्टेजकडे बघत होता.

वडिलांचा हात आपोआप वर झाला. तळवा स्वतःकडे, बोटं हलली. दुसरा हात त्यावर छपरासारखा आला. आण, पण हळू.

मामा निघाला. तो बहिणीकडे बघत नव्हता, पाहुण्यांकडे नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. त्याची नजर त्या दोन हातांवर होती आणि बहीण त्याच्या चालीने चालत होती. ती नंतर म्हणाली की तिला आयुष्यात पहिल्यांदा आपण जड असल्यासारखं वाटलं आणि ते तिला आवडलं.

अर्धी वाट झाली असेल. जाळी धरणारे चौघे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. उजवीकडच्या मागच्या भावाची काठी कलली होती आणि जाळीला लावलेल्या झिरमिळ्या खाली लोंबत पुढच्या समईच्या ज्योतीकडे जात होत्या. मी ते पाहिलं नव्हतं. आईने पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं, असं व्हिडिओ बघितल्यावरही दिसतं.

वडिलांचा हात लांब झाला, तळवा खाली, आणि आडवा फिरला.

मामा थांबला. एक पाऊल हवेत होतं, ते त्याने मागे घेतलं. बहीण थांबली. चौघे भाऊ अर्धं पाऊल पुढे जाऊन एकमेकांवर आपटले आणि झिरमिळ्या ज्योतीपासून वीतभर अंतरावर झुलत राहिल्या. मी धावत जाऊन समई उचलली. इव्हेंटवाल्याला काय झालं ते कळलं नाही, त्याने घाबरून गाणं बंद केलं.

हॉलमध्ये एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत मामाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“ह्या टायमाला येळेवर दाखवलात, भावजी.”

यार्डातली माणसं एका बाजूला बसली होती. तिथून मोठ्याने हसू आलं. वडील हसले नाहीत. त्यांनी हात सरळ केला, बोटं हलवली. आण.

“हा तुमच्याकडचा विधी असतो का?” मुलाच्या आईने मला विचारलं.

मी हो म्हटलं. माझ्या हातात समई होती आणि खुलासा करायला वेळ नव्हता.

मामाने बहिणीला स्टेजवर नेऊन अंतरपाटामागे उभी केली आणि तिच्या पाठीशी उभा राहून खांद्यावर हात ठेवला. आई ते बघत होती. अक्षता टाकायच्या होत्या तेव्हा तिच्या मुठीतल्या तशाच राहिल्या आणि लग्न लागल्यावर तिने त्या सगळ्या एकदम टाकल्या, बऱ्याचशा भटजींवर पडल्या.

जेवायला वडील आणि मामा एका टेबलावर शेजारी बसले. मी वाढपात होतो, आई जिलेबीचं ताट घेऊन फिरत होती. दोघे खाली मान घालून जेवत होते. बऱ्याच वेळाने मामा म्हणाला, “येक विचारू?”

“विचार.”

“उशीर कनाला झाला तवा?”

वडिलांनी घास चावून संपवला. “स्कूटर बघत होतो,” ते म्हणाले. “त्यो रंग. मना वाटलं, असा रंग असतो काय कवा गाडीला?”

मामाचं चावणं थांबलं. तो वडिलांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं आणि ते त्याला आवरता येत नव्हतं.

“मी पन,” तो म्हणाला.

“काय मी पन?”

“मी पन त्योच बघत होतो. तुमचा हात मी बघितलाच नाय, भावजी. उशिरा दाखवला, का येळेवर दाखवला, मना काय ठाव?”

वडील त्याच्याकडे बघत राहिले. मग दोघांचे खांदे हलायला लागले. मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याने ते फेट्याच्या टोकाने पुसलं. “पोपटी,” वडील म्हणाले, आणि दोघे पुन्हा हसायला लागले.

आई ताट घेऊन त्यांच्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती टेबलाला वळसा घालून दोघांच्या समोर आली. सहा भाऊबिजा तिच्या तोंडावर दिसत होत्या. तिने ताट डाव्या हातात घेतलं, उजवा हात लांब केला, तळवा खाली केला आणि आडवा फिरवला.

दोघे थांबले. वडिलांचा घास हातात, मामाचा तोंडाशी.

पुढचा इशारा तिने बराच वेळ दिला नाही.